'देम!'मधल्या मुंग्या आणि बोंडातली अळी

विज्ञानपटांच्या इतिहासात महाकीटकांचे म्हणून एक वेगळे दालन आहे. त्याचे दार उघडले ते १९५४ सालच्या 'देम!' या अमेरिकन चित्रपटाने. वॉर्नर ब्रदर्सची निर्मिती, गॉर्डन डग्लस यांचे दिग्दर्शन. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात १९४५ साली पहिली अणुचाचणी झाली. तिच्या किरणोत्सर्गाने मुंग्यांच्या पिढ्या बदलत गेल्या आणि नऊ वर्षांनी त्या हत्तीएवढ्या होऊन बाहेर पडल्या, अशी त्याची कल्पना. बुलढाणा जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरात वाढलेल्या मला हा चित्रपट वेगळाच दिसला. किडीशी आमची ओळख पडद्यावरची नाही. त्यामुळे या चित्रपटाने पुढच्या विज्ञानकथेला नेमके काय दिले, याचे प्रचलित उत्तर मला अपुरे वाटते. ते का, हे या लेखात मांडतो.

प्रचलित उत्तर आहे आकाराचे. 'देम!' चालला आणि मोठ्या किड्यांची रांग लागली. १९५५ साली 'टॅरँट्युला'मध्ये कोळी आला. १९५७ साली 'द डेडली मँटिस'मध्ये खंडोबाचा किडा आणि 'बिगिनिंग ऑफ दी एंड'मध्ये टोळ आले. पण आकार हीच या कल्पनेची सर्वांत कच्ची बाजू आहे. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालीच एका निबंधात प्राण्यांच्या आकाराचे गणित मांडले होते. पाच मिलिमीटरची मुंगी अडीच मीटरची करायची, तर लांबी ५०० पट होते. पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ अडीच लाख पट वाढते, वजन मात्र साडेबारा कोटी पट. म्हणजे पायावरचा ताण ५०० पट होणार आणि मुंगी उभीच राहू शकणार नाही. शिवाय कीटकाला फुप्फुसे नसतात. अंगावरच्या छिद्रांतून बारीक नळ्यांनी हवा आत जाते. एवढ्या धुडाला ती पुरणार नाही.

मग सत्तर वर्षांनंतरही हा चित्रपट टिकला कशावर? माझ्या मते, माग काढण्यावर. सुमारे अर्धा तास मुंगी दिसतच नाही. दिसते ते उद्ध्वस्त फिरते घर, विखुरलेली साखर आणि धक्क्याने वाचा गेलेली एक लहान मुलगी. एक दुकान फोडलेले आहे, पण गल्ल्यातले पैसे जागच्या जागी आहेत. दुकानदाराच्या शरीरात फॉर्मिक आम्ल सापडते. पोलीस, मग केंद्रीय तपास यंत्रणा आणि शेवटी शास्त्रज्ञ, अशी उकल सरकत जाते. हे शास्त्रज्ञ, डॉ. मेडफर्ड आणि त्यांची मुलगी पॅट्रिशिया, अणुतज्ज्ञ नाहीत. ते शेतकी खात्याचे मुंगीतज्ज्ञ आहेत. आपल्याकडच्या किती कथांत कृषी कीटकशास्त्रज्ञ नायक झाला आहे?

दुसरी देणगी वारुळाची. १९५३ सालच्या 'द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स'मधला प्राणीही अणुस्फोटानेच जागा होतो आणि १९५४ सालच्या नोव्हेंबरमध्ये आलेला जपानी 'गोजिरा'ही अणुबॉम्बचेच अपत्य. पण ते दोघे एकटे आहेत. मारले की संपले. 'देम!'मध्ये शत्रू हा एक समाज आहे. वारुळात सायनाइड सोडून झाल्यावर पॅट्रिशिया आत उतरण्याचा हट्ट धरते. आत कळते, की दोन नव्या राण्या आधीच उडून गेल्या आहेत. भीती तिथून खरी सुरू होते. जेम्स कॅमेरॉन यांच्या १९८६ सालच्या 'एलियन्स'मध्ये हेच घटक पुन्हा भेटतात: वाचलेली एकटी मुलगी, अंड्यांची खोली, राणी आणि आगीचे फवारे. सॉल बास यांनी १९७४ सालच्या 'फेज फोर'मध्ये तर मुंग्यांना त्यांच्या खऱ्या आकारातच ठेवले. मोठी केली ती त्यांची सामूहिक बुद्धी. आपल्या विदर्भातले नंदा खरे यांनीही 'वारूळपुराण'मध्ये, मुंगीतज्ज्ञ एडवर्ड ओ. विल्सन यांच्या लेखनाच्या आधाराने, मुंग्यांच्या मापानेच त्यांची गोष्ट सांगितली. आकार गळून पडला, समाज टिकला.

हा चित्रपट मी वडिलांना दाखवला. मुंग्या बाहेर आल्या तेव्हा ते हसले. पॅट्रिशिया वारुळात उतरायला निघाली तेव्हा मात्र सावरून बसले. म्हणाले, "बाई बरोबर करते, बाबू. आत गेल्याबिगर समजत नाई. बोंडबी फोडूनच पाहा लागते."

ते बोलत होते २०१७ सालाबद्दल. त्या हंगामात विदर्भाच्या कापसावर गुलाबी बोंडअळी तुटून पडली. आमची पऱ्हाटी छातीएवढी, हिरवीगार, बोंडांनी लदलेली होती. ही अळी जेमतेम सेंटिमीटरभर. ती लहान असतानाच बोंडात शिरते आणि शिरलेले छिद्र बुजून जाते. आत ती सरकी खाते. बाहेरून बोंड निरोगीच दिसते. वेचणीला हातात आली ती कवडी. आमची भीती कधीच मोठी नव्हती. ती दिसत नव्हती, हेच तिचे बळ होते.

आणि 'देम!'मधल्या मुंगीसारखीच ही अळीही माणसाच्या हातून घडलेली होती. भारतात बीटी कापूस २००२ साली आला, दोन जनुकांचे वाण २००६ साली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिळायचे. ते शेताच्या कडेने पेरायचे असे. तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी मीलन करतात आणि प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो. आम्ही ती पुडी कधी पेरली नाही. किडीसाठी रान कोण सोडणार? वर फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन पीक उभे ठेवले. अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळाले. असे करणारे आम्ही एकटे नव्हतो.

इथे मला 'देम!'चा दोष दिसतो. त्याचा शेवट लॉस एंजेलिसच्या पावसाळी पाण्याच्या भुयारांत होतो. सैनिक आग ओकतात, राण्या जळतात. अणुयुगाने उघडलेल्या दारापलीकडे आणखी काय असेल, असा प्रश्न म्हातारे मेडफर्ड विचारतात खरे, पण बॉम्ब कोणी टाकला हे कोणी विचारत नाही. अपराधाचा हिशेब आगीत मिटतो. पुढच्या बहुतेक कीटकपटांनी हीच सोय उचलली.

बोंडअळीला एक वारूळ नाही, एक राणी नाही. तिच्यावरचे उपाय पडद्यावर शोभणारे नाहीत. कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यायचा. डोमकळ्या तोडून नष्ट करायच्या. फरदड घ्यायची नाही. आणि हे सगळ्या शिवाराने एकाच वेळी करायचे, कारण पतंगाला बांध कळत नाही. एकट्याने केले तर उपयोग थोडा.

मराठी विज्ञानकथेला ही गोष्ट लिहिता येईल का, हा माझा प्रश्न आहे. तिला माग काढण्याची रीत 'देम!'कडून घेता येईल आणि शत्रूकडे समाज म्हणून पाहण्याची नजरही. आगीचा शेवट मात्र तिथेच सोडावा लागेल. त्या चित्रपटात बॉम्ब टाकणारा कधी पडद्यावर येत नाही. आमच्या गोष्टीत तो पहिल्याच पानावर यायला हवा, १२० ग्रॅमची पुडी बांधावर टाकून घराकडे निघालेला. त्या पुड्या टाकणाऱ्यांत मीही होतो.