छाप्याची रांगोळी : एका परीक्षकाचा फेरविचार

गेल्या दिवाळीत वन-नॉर्थमधल्या आमच्या ऑफिसच्या लॉबीत रांगोळी स्पर्धा झाली. ‘तुम्ही मराठी, तुम्हाला यातलं कळतं’ असं म्हणत परीक्षकाची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. नऊ रांगोळ्या होत्या, त्यांतल्या सहा प्लॅस्टिकच्या छाप्याने काढलेल्या. मी पहिला नंबर छाप्याच्या मोराला दिला. तो निकाल तेव्हापासून मनाला टोचतो आहे.

आधी एक कबूल करते. छापा म्हटलं की नाक मुरडायची आपल्याला सवय आहे, पण ते बरोबर नाही. मथुरा-वृंदावनची सांझी कागद कातरून केलेल्या छाप्यांतूनच उमटते. जपानमध्ये किमोनोचं कापड रंगवायला कातागामी नावाचे कागदी छापे वापरत आले आहेत. मातीसचं ‘जाझ’ हे १९४७ सालचं पुस्तक छाप्यांतून रंग भरूनच तयार झालं. आणि आपल्या आज्यांकडे तरी काय होतं? उंबऱ्यापाशी फिरवायची भोकाभोकांची नळी होतीच की! तेव्हा छापा वापरला म्हणून कला बाटत नाही.

मग बिनसतं कुठे? छाप्याची एक अंगभूत अडचण आहे. त्यात पूर्ण वर्तुळ कापता येत नाही, कारण मधला तुकडा गळून पडेल. तो धरून ठेवायला मध्येमध्ये पट्ट्या सोडाव्या लागतात आणि छापा उचलला की तिथे रेघ तुटलेली दिसते. कातरणारा कसबी असेल तर या पट्ट्या नक्षीतच मुरवतो, नाहीतर रांगोळी काढणाऱ्याने त्या जागा चिमटीने जोडायच्या असतात. म्हणजे छापा उचलल्यावर खरं काम सुरू व्हायला हवं. आमच्या मोराच्या मानेवर तीन फटी तशाच होत्या. रंग मात्र इतके नीटनेटके भरलेले, की माझी नजर त्यांतच अडकली.

तिसरा नंबर मी दिला तो एका मुलीच्या ठिपक्यांच्या रांगोळीला. मधल्या ओळीत पंधरा, मग दोन्हीकडे एकेक कमी करत आठपर्यंत. आता कुणी म्हणेल, ठिपके हाही एक छापाच की! खरंय. पण पंधरा ते आठ ठिपक्यांतून कमळ निघेल, कासव निघेल, नाहीतर चांदणी. कोणता ठिपका कुणाला जोडायचा हे दर वेळी काढणाराच ठरवतो. विकतच्या छाप्यात ते ठरवण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी कारखान्यात आधीच उरकलेलं असतं. त्या मुलीची डावीकडची एक रेघ चुकली होती. तिने ती पुसली नाही, तिचीच वेल करून कोपऱ्यापर्यंत नेली. माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात जिवंत रेघ तीच होती, आणि मी तिचे गुण कापले!

गंमत अशी, की वन-नॉर्थचा आराखडा २००१ साली झाहा हदीद यांच्या संस्थेने केला, तोही चौकटी न आखता, जमिनीच्या चढउताराबरोबर वळणाऱ्या रेषांचा. त्या वळणदार रेषांवरून रोज ऑफिसला जाणारी मी, लॉबीत मात्र छापील सफाईवर भाळले.

निकालानंतर त्या मुलीने मला विचारलं, “आंटी, माझं काय चुकलं?” मी म्हणाले, “फिनिशिंग.” या एका शब्दाने ती यंदा छापा विकत घेईल, अशी मला भीती वाटते. इथे आपली मुलं वर्षातून एकदाच रांगोळीची चिमूट धरतात. त्या एका दिवशी आपण त्यांच्या हातांना सफाईचे गुण द्यायचे, की रेघेचे?

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. छाप्यावर बंदी नको, पण छापा स्वतः कापलेला असावा. जुना प्लॅस्टिकचा फोल्डर आणि कात्री पुरते. आमच्या लहानपणी एक्स-रेच्या जुन्या फिल्म्स कापायचो, तसंच. छापा उचलल्यावर फटी चिमटीने जोडाव्यात आणि गुण त्या जोडकामालाही असावेत. आणि दिवाळीच्या आधी त्या मुलीला गाठून सांगायचं आहे, की चूक तिची नव्हती, परीक्षकाची होती.