९२ टक्के कशाचे? गडचिरोलीचा पेपर चाकणमध्ये वाचताना

तुमच्यापैकी ज्यांना पिंपरी-चिंचवड किंवा चाकण पट्ट्यातल्या स्त्रियांच्या आरोग्यावर संशोधन करायचंय, त्यांनी सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक जुना पेपर पूर्ण वाचावा. राणी बंग, अभय बंग आणि सहकाऱ्यांचा, १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला. चारच पानं आहेत. सिनॉप्सिसमध्ये तो हमखास असतो, पण एका वाक्यापुरता: 'ग्रामीण भागातील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असतात.' घोळ इथेच सुरू होतो.

पेपरमध्ये आहे काय? गडचिरोलीतली दोन गावं, ६५० स्त्रिया. नुसती प्रश्नावली नाही, प्रत्यक्ष तपासणी. ५५ टक्के जणींना काही ना काही तक्रार होती, ४५ टक्के जणींना काहीच नव्हती. तरीही ९२ टक्के जणींमध्ये किमान एक आजार सापडला, सरासरी बाईमागे ३.६. याआधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

मला विचाराल तर यातला सगळ्यात मोलाचा आकडा तो ८ आहे. दवाखान्यातले केसपेपर मोजून अभ्यास केला असता तर याच आठ जणी दिसल्या असत्या. बाकीच्या ब्याण्णव जणी दवाखान्याची पायरी चढल्याच नव्हत्या, म्हणजे कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हत्या. इथे छेदात गाव होतं. आपल्याकडे अजूनही 'अमुक रुग्णालयाच्या ओपीडीत आलेल्या २०० महिला' एवढ्यावर निष्कर्ष निघतात आणि शीर्षकात मात्र अख्खा तालुका असतो!

आता खोट. गावातल्या सगळ्या पात्र स्त्रिया तपासणीला आल्या नव्हत्या. ज्यांना त्रास होता त्या जास्त आल्या असतील तर टक्केवारी फुगते. ज्यांना जास्त त्रास होता त्याच लाजेने घरी राहिल्या असतील तर ती घटते. कुठल्या बाजूला झुकली हे नुसत्या ९२ वरून कळत नाही. दुसरं, 'आजार' या शब्दात संसर्ग, पाळीच्या तक्रारी, गर्भाशयमुखावरचं इरोजन हे सगळं एकेक म्हणून मोजलंय. इरोजन हा बऱ्याचदा नैसर्गिक बदल असतो, असं आज मानलं जातं. योनीमार्गाची सूज आणि गर्भाशयमुखाची सूज एकाच बाईला असेल तर आजार झाले दोन. तेव्हा ३.६ म्हणजे साडेतीन स्वतंत्र दुखणी असं वाचू नका. लेखकांनी लपवलेलं काही नाही, फोड दिलेली आहे. ती आपण वाचत नाही.

पुढे विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात २,४९४ स्त्रियांचा लोकवस्तीत जाऊन अभ्यास केला. तिथे प्रजननमार्गाचा संसर्ग निघाला २८.३ टक्के. व्याख्या वेगळी, चाचण्या वेगळ्या, काळही वेगळा, म्हणून ९२ शेजारी २८ ठेवून 'सुधारणा झाली' असं कृपया लिहू नका. त्यांचं दुसरं निरीक्षण जास्त अस्वस्थ करणारं आहे: अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मानसिक ताणाशी अधिक घट्ट होता.

हे फक्त सांख्यिकीचं भांडण नाही. बीडमध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलेल्या बायकांना कॅन्सरची भीती घातल्याच्या कहाण्या तेव्हा पुष्कळ बाहेर आल्या. तक्रार, संसर्ग आणि आजार यांतला फरक पुसला की काय होतं, ते तिथे दिसतं.

मग चाकणला छेद कुठून आणणार? मतदारयादीत मराठवाड्यातून, बिहारमधून आलेल्या मुली सापडणार नाहीत. २०११ची जनगणना या पट्ट्यासाठी केव्हाच शिळी झालीय. दुपारी खोल्यांवर गेलात तर कुलपं. जी घरी भेटेल ती कामावर न जाणारी. कंपनीच्या गेटवर उभं राहिलात तर उलटं होतं. जिला लाइनवर आठ-दहा तास उभं राहणं झेपेना किंवा जी गरोदर राहिली, तिने काम आधीच सोडलेलं असतं. उरलेल्या धडधाकट दिसणारच. यालाच 'निरोगी कामगार परिणाम' म्हणतात, आणि कंत्राटी कामात तो जास्त बोचतो. म्हणून खोल्यांचीच यादी करा, शिफ्ट सुटल्यावर जा, आणि गेल्या वर्षभरात काम सोडलेल्यांनाही धरा.

गरोदरपणाचं आणखी एक. पहिलं बाळंतपण माहेरी. नाव नोंदवलं चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात, बाळंतपण लातूरला, त्यानंतरची तपासणी बहुधा कुठेच नाही. एका ठिकाणचं रजिस्टर पाहून तिला 'ड्रॉपआउट' लिहाल तर चुकाल. मातृत्व लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम लागतं. मधेच ठेकेदार बदलला तर ते दिवस कुणाच्या मस्टरवर धरले गेले, हाही प्रश्न प्रश्नावलीत हवा.

तपासणी करणार असाल तर उपचाराचं काय, हे आधी ठरवा. 'पुढील उपचारासाठी वायसीएमला पाठवले' हे वाक्य प्रबंधात छान दिसतं, पण चाकणहून पिंपरीला जायचं म्हणजे त्या बाईचा दिवसाचा पगार बुडतो. ती रक्कम आणि बसभाडं तुमच्या बजेटमध्ये धरा. आणि नावांची यादी उत्तरांपासून वेगळी, कुलपात ठेवा. सर्व्हेला परवानगी दिली म्हणून एचआर किंवा ठेकेदार 'जरा डेटा दाखवा' म्हणणारच. कोण गरोदर आहे हे त्यांना तुमच्याकडून कळणार नाही, एवढं संमतीपत्रात मराठी आणि हिंदीत लिहून द्या, मगच पहिलं दार वाजवा.