आज्ञापत्रांतील अंकुश : एक परीक्षण

रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून मानलें जाणारें ‘आज्ञापत्र’ मराठ्यांच्या राजनीतीवरील प्रमाणग्रंथ म्हणून वाचलें जातें, आणि तें योग्यच आहे. इ. स. १७१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नांवें निघालेल्या या ग्रंथांत साहुकार, टोपीकर, वतनदार, दुर्ग व आरमार यांविषयीं अनुभवी कारभाऱ्याचा विचार आढळतो. त्याच्या थोरवीचें वर्णन पुष्कळ झालें. त्यांतील उणीव कोठें आहे हें पाहणेंही अगत्याचें आहे.

वतनदारांचें प्रकरण सर्वांत सरस होय. देशमुख, देशकुलकर्णी, पाटील हे वस्तुतः लहान प्रमाणावरील स्वतंत्र सत्ताधारीच, हें अमात्यांनीं ओळखलें आहे. आहे त्यावर संतोष न मानणें, दुसऱ्याचें बळकावणें, आणि परचक्र आलें असतां वतन राखण्यासाठीं शत्रूस मिळणें, हा त्यांचा स्वभाव ते सांगतात. तथापि त्यांचा उच्छेद करावा असें ते म्हणत नाहींत. स्नेह व दंड यांच्या मध्यें त्यांस ठेवावें, असा त्यांचा निर्णय आहे. हा इशारा पुस्तकी नव्हे. १६८९ सालीं राजाराममहाराज जिंजीकडे गेले, तेव्हां महाराष्ट्राचा भार हुकूमतपन्हा या नात्यानें रामचंद्रपंतांवर पडला. आणि औरंगजेबाच्या आमिषास उत्तर म्हणून त्याच काळांत वतनें व इनामें देणें भाग पडलें.

दुर्गांच्या बाबतींत तर या सावधगिरीला यंत्राचें रूप आलेलें होतें. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था दिली आहे. हवालदार, सबनीस व सरनोबत हे समान दर्जाचे. कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे. आणि हे सर्व अधिकारी एका जातीचे नसत. एकट्यानें फितूर होऊन किल्ला शत्रूच्या हवालीं करणें यामुळें कठीण झालें. येथें केवळ कोणाच्या इमानावर भरंवसा टाकलेला नाहीं. एकाच्या अधिकारास दुसऱ्याचा अधिकार आडवा घातला आहे.

आतां प्रश्न असा कीं, गडाच्या दरवाजाशीं जें साधलें तें राजसदरेवर कां साधलें नाहीं? अमात्य प्रधानास अंकुशाची उपमा देतात. उपमा समर्पक आहे. पण प्रधानाची नेमणूक व बडतर्फी राजाच्याच हातीं, म्हणजे अंकुश हत्तीच्याच सोंडेंत राहिला! राजानें अन्याय केल्यास काय, यावर ग्रंथाचें उत्तर धर्मबुद्धि व ईश्वराचें भय एवढेंच आहे. हा उपदेश झाला, उपाय नव्हे. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत अष्टप्रधानांची तुलना इंग्रजी अमलांतील हिंदुस्थान सरकारच्या मंडळाशीं केली. ती कामाच्या वांटणीपुरती ग्राह्य आहे. राजाला रोखण्याचा अधिकार अष्टप्रधानांस नव्हता, हें तींतून सुटतें.

याचें फळ पुढें दिसलें. १७१३ पासून पेशवेपद एकाच घराण्यांत राहिलें, आणि १७४९ सालीं शाहूमहाराज वारल्यावर सत्ता त्या पदाशीं एकवटली. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां रामशास्त्र्यांपाशीं न्याय सांगण्याचें धैर्य होतें; तो अंमलांत आणणारें यंत्र राज्यांत नव्हतें. रघुनाथरावांस दूर सारण्यासाठीं कारभाऱ्यांस बारभाईचें कारस्थान रचावें लागलें. जेथें रीतसर अंकुश नसतो, तेथें अन्यायाचा प्रतिकारही कटाच्याच रूपानें येतो.

अमात्यांवर काळाबाहेरची अपेक्षा लादण्याचा आमचा हेतु नाहीं. अमेरिकेंत मॅडिसननें ‘फेडरलिस्ट’ निबंधांत १७८७-८८ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, पक्षभेदाचीं कारणें नाहींशीं करतां येत नाहींत, त्यांचे परिणाम आवरावे. आणि राज्याच्या एका अंगाची हांव दुसऱ्या अंगाच्या हांवेनें अडवावी. नवल हें कीं, यांतील पहिला विचार अमात्यांच्या वतनदार-प्रकरणांत आणि दुसरा शिवछत्रपतींच्या गडांवर त्यापूर्वींच दिसतो. ते सिंहासनापर्यंत चढले नाहींत, हीच खरी उणीव.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. गडकऱ्यांच्या नेमणुकीचीं, बदलीचीं व जाबसालाचीं पत्रें ज्यांच्या दप्तरांत असतील, त्यांनीं तीं प्रकाशांत आणावीं. गडावरील व्यवस्था लिहिली तशी चालली कीं नाहीं, याचा निकाल बखर देणार नाहीं. तो अस्सल कागदच देतील.