मायना नसलेले पत्र : पुणतांब्याचा संप आणि शेतकऱ्याचा वेश

‘संप’ या शब्दाचा मूळ अर्थ एकोपा. काम थांबविण्याच्या कृतीशी तो कायमचा जोडला गेला तो गिरण्यांमुळे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईतील गिरणी संप आणि त्यानंतर उद्ध्वस्त झालेले, जयंत पवार यांनी ‘अधांतर’ या नाटकातून रंगभूमीवर आणलेले कामगाराचे घर, हे या शब्दाचे आजच्या मराठी वाचकाच्या मनातील संदर्भ होत. म्हणूनच ३ एप्रिल २०१७ रोजी गोदाकाठच्या पुणतांबा गावाच्या ग्रामसभेने १ जूनपासून शेतकऱ्यांनी संपावर जावे असा ठराव केला, तेव्हा प्रथम खटकला तो शब्द. शेतकरी मोर्चा काढतो, रास्ता रोको करतो, उपोषणाला बसतो. तो संप करतो म्हणजे नेमके काय करतो? त्याचा मालक कोण?

शेतकऱ्यांच्या संपाला मराठी मुलखात पूर्वाधार नाही असे नाही. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ मध्ये पुकारलेला संप सुमारे सहा वर्षे टिकला. परंतु तेथे खोत होता. कुळाने जमीन कसण्याचे नाकारले की ते नाकारणे एका विशिष्ट माणसाच्या दारात जाऊन पोहोचत असे. पुणतांब्याचा शेतकरी स्वतःच्या सातबाऱ्याचा धनी आहे. त्याने आपल्याच गाईचे दूध शहराला न देण्याचे ठरविले तर तो नकार कोणाला उद्देशून असतो? शासनाला, दूध संघाला, व्यापाऱ्याला, की पुण्यामुंबईच्या ग्राहकाला? मागण्यांमध्ये संपूर्ण कर्जमाफी होती, उत्पादनखर्चावर पन्नास टक्के नफा धरून हमीभाव होता, दुधाचा दर होता; म्हणजे बोलणे सरकारशी होते. कृती मात्र बाजाराच्या विरोधात होती. उच्चार आणि कृती यांच्यातील ही फट आर्थिक आहे तितकीच वाङ्मयीनही आहे, कारण प्रश्न संबोधनाचा आहे.

संबोधनाचा पेच याच गावाच्या परंपरेत फार पूर्वीच नोंदविला गेला आहे, हा योगायोग दुर्लक्षिण्यासारखा नाही. पुणतांब्यात चांगदेवांची समाधी आहे. आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे : ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसलेल्या चांगदेवांना मायना सुचेना. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने थोर. थोर म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वयाने पोर. अखेर त्यांनी कोरेच पत्र पाठविले. उत्तरादाखल ‘चांगदेव पासष्टी’ आली. या आख्यायिकेचा आध्यात्मिक अर्थ परंपरेने सांगितला आहेच. पण पत्र कोरे राहण्याचे कारण अज्ञानापेक्षा प्रचलित मायन्यांची अपुरी व्यवस्था हे आहे, याकडे क्वचितच लक्ष गेले. २०१७ मधील पेच याच जातीचा होता, मात्र दोन्ही बाजूंनी. शेतकऱ्याला कोणाला उद्देशून बोलावे हे ठरविता येईना, आणि बाकीच्या समाजाला त्याला काय म्हणून हाक मारावी हे सुचेना.

‘बळीराजा’ आणि ‘अन्नदाता’ हे तयार मायने होते. पण ते ज्या माणसासाठी घडले तो पुणतांब्यात दिसत नव्हता. हा परिसर अवर्षणग्रस्त माळरानाचा नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांनी येथे ऊस आणला. १९५० मध्ये लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि बागायतदार नावाचा एक नवा सामाजिक वर्ग त्याच्या बंगल्यासह, वाहनासह, शिक्षणसंस्थेसह दृश्यमान झाला. पुढच्या उदारीकरणाने शेजारच्या शिर्डीचे रूप बदलले. पुणतांब्याहून शिर्डीला जाणारा लोहमार्ग २००९ मध्ये सुरू झाला, संपाच्याच वर्षी १ ऑक्टोबरला काकडीचे विमानतळ उघडले, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. ‘समृद्धी’ हे रस्त्याचे नाव असावे हेही बोलके आहे. अशा भूगोलात रस्त्यावर दूध ओतणारा तरुण जीन्स घालून, मोबाइलवर चित्रण करीत उभा होता. दूरचित्रवाणीवर त्याला पाहणाऱ्या शहरी प्रेक्षकाची पहिली शंका त्याच्या मागणीविषयी नव्हती, वेशाविषयी होती : हा खरा शेतकरी आहे का?

या शंकेचा उगम कोठे आहे हे पाहू लागले की ग्रामीण साहित्याला जबाबदारी टाळता येत नाही. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये कुणब्याचे घर, अन्न, वस्त्र यांचे जे बारकाईचे वर्णन केले, ते पुराव्यादाखल होते. नोकरशाहीपुढे मांडलेला तो ताळेबंद होता. नंतरच्या साहित्यात ह्या पुराव्याचा हळूहळू संकेत झाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळाने ओस पडणारी वस्ती येते, आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) ट्रॅक्टर येताच जनावरांना आणि जनावरांत जीव गुंतलेल्या गड्याला जागा उरत नाही. या कृती थोर आहेत, त्यांतील दुःख अस्सल आहे. पण त्यांच्या अनुकरणातून जे पीक आले त्याने शेतकऱ्याला एकच पोशाख शिवून ठेवला. वस्तू गावात आली की ती आक्रमकच ठरायची, आणि माणूस तिचा बळी. त्या वस्तूची त्यालाच हाव असू शकते, तिच्यासाठी तो हिशेब मांडू शकतो, कर्ज काढू शकतो, ही शक्यता फार थोड्या लेखकांनी घेतली. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’चे (२००२) महत्त्व येथे आहे. शिकून नोकरी न लागलेला एकनाथ आणि शहरी सुखसोयींची ओढ असलेली त्याची बायको यांच्या संसारातील ताण हा केवळ गरिबीचा ताण नाही. उपभोगाची नवी भाषा कळू लागलेल्या, पण ती परवडत नसलेल्या घरातील तो ताण आहे. रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’ने (१९९४) तर याच जिल्ह्याच्या मातीतील सत्ता आणि सहकार यांचा विस्तीर्ण पट मांडला, परंतु त्या कादंबरीची चर्चा राजकीय कादंबरी म्हणून झाली, ग्रामीण म्हणून जवळजवळ नाही. जणू सत्ता हाताळणारा शेतकरी ग्रामीण नसतोच.

समीक्षेची कपाटे दोन आहेत. एकात ‘ग्रामीण’, दुसऱ्यात ‘नव्वदोत्तरी’. मॉल, ब्रँड, जाहिरात, दूरचित्रवाहिनी यांनी व्यापलेली संवेदना हेमंत दिवटे आणि ‘अभिधानंतर’च्या परिसरातील कवींच्या नावे जमा झाली, पाऊस, कर्ज आणि आत्महत्या खेड्याच्या नावे राहिली. अरुण काळे यांच्यासारख्या कवीने जागतिकीकरण आणि जात एकाच दृष्टीच्या टप्प्यात आणली, तरी ही विभागणी मोडली नाही. ती मोडली, निदान चित्रपटात, नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३). जब्याला जीन्स हवी असते. ती जीन्स म्हणजे चैन नव्हे आणि पाश्चात्त्य अनुकरणही नव्हे. डुक्कर धरण्याच्या कामाने अंगाला चिकटविलेली ओळख उतरवून ठेवण्याची ती धडपड आहे. मात्र येथे घाईने समीकरण मांडू नये. जब्याची जीन्स आणि बागायतदाराच्या मुलाची जीन्स दुकानाच्या एकाच फळीवर असली तरी एकच चिन्ह नव्हेत. पहिल्याला तिच्यामुळे माणसात गणले जाण्याची आशा आहे, दुसऱ्याला तिच्यामुळे शेतकऱ्यांत न गणले जाण्याची भीती.

ती भीती निराधार नव्हती. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला आला. त्यात आदिवासी शेतकरी बहुसंख्य होते, आणि दहावीच्या परीक्षार्थींची गैरसोय होऊ नये म्हणून ते शेवटचा टप्पा रात्रीतून चालले. सोललेल्या अनवाणी पायांची छायाचित्रे पाहून मुंबई हेलावली; लोकांनी पाणी दिले, खाऊ दिला, पादत्राणे दिली. ही सहानुभूती खोटी नव्हती आणि वनहक्काची मागणीही न्याय्य होती. तरीही नऊ महिन्यांपूर्वी दूध ओतणाऱ्यांवर ‘नासाडी’चा आरोप करणारा मध्यमवर्ग आणि हा मध्यमवर्ग एकच होता. एका आंदोलनाने वाचकाला परिचित असलेली प्रतिमा दिली, दुसऱ्याने ती मोडली. अनवाणी पाय हा मायना सर्वांना वाचता आला.

शासनाची वाचनपद्धती याहून वेगळी नव्हती. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी झालेल्या बोलणीनंतर पुणतांब्यातील काही प्रतिनिधींनी संप मागे घेतला; इतरांनी तो मानला नाही आणि नाशिककडे केंद्र सरकले. पुढे खरिपासाठी दहा हजार रुपयांच्या तातडीच्या कर्जाचा जो शासन निर्णय १४ जून रोजी निघाला, त्यात अपात्रांच्या यादीत चारचाकी वाहन असलेल्या कुटुंबांचाही समावेश होता. ओरड झाल्यावर अटी शिथिल झाल्या. पण त्या यादीकडे एक संहिता म्हणून पाहिले तर ती ग्रामीण साहित्याच्या सरासरी कथेपेक्षा फारशी निराळी नाही : जीप असेल तर शेतकरी नाही. भाजीपाला बाजार समितीत नेण्यासाठी कर्जाने घेतलेला टेम्पो कोणत्या रकान्यात बसतो, हा प्रश्न दोन्हीकडे अनुत्तरित आहे.

२४ जून रोजी ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली, दीड लाख रुपयांच्या मर्यादेसह. तिचा लाभ घेण्यासाठी शेतकऱ्याने संगणकावर अर्ज भरावयाचा होता. पती आणि पत्नी दोघांनी केंद्रावर जावे, आधार क्रमांक द्यावा, यंत्रावर अंगठा ठेवावा, आणि आपण प्राप्तिकर भरीत नाही, अमुक पदावर नाही, तमुक नोकरीत नाही हे प्रमाणित करावे. शेतकरी म्हणजे कोण, याची व्याख्या त्या अर्जात जवळपास सर्वस्वी नकारांनी केलेली होती. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर आले होते. त्यांच्या गावाच्या पत्राला २०१७ साली रकाने असलेला कोरा अर्ज आला, आणि तो भरून देण्यासाठी त्या पावसाळ्यात सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या.