अस्पष्टतेचा एक गुण

नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर जलाशयाचें एक छायाचित्र आमच्यापुढें आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें तें हिंवाळ्यांतील एका पहांटे काढलें. प्रदर्शनास पाठवावयाच्या चित्रांतून त्याच्या स्नेह्यांनीं तें पहिल्याच निवडींत वगळलें, आणि रूढ कसोटीनें पाहतां त्यांचें कांहीं चुकलें असें म्हणवत नाहीं. क्षितिज कललेलें, वरचा तिसरा हिस्सा धुक्यानें गिळलेला, आणि मुख्य विषय जे वारकरी पक्षी त्यांच्या जागीं नुसते काळसर फराटे! (काळ्या अंगाच्या आणि कपाळीं पांढरा टिळा मिरविणाऱ्या या पांखराला हें नांव ज्यानें दिलें, त्याच्या रसिकतेस आमचा नमस्कार.)

परंतु अस्पष्टता दोन प्रकारची असते. छायाचित्रकाराचा हात हलला तर सारेंच चित्र पुसट होतें. येथें तसें नाहीं. कांठचें पाणकणीस पातें न् पातें मोजून घ्यावें इतकें रेखीव आहे. प्रकाश अपुरा, म्हणून कॅमेऱ्याची झांप सुमारें अर्धा सेकंद उघडी राहिली. तेवढ्या वेळांत जें स्थिर होतें तें उमटलें आणि जें धांवत होतें तें ओघळलें. वारकऱ्यास जागच्या जागीं उडतां येत नाहीं. पंख फडफडवीत तो कांहीं अंतर पाण्यावरून अक्षरशः पळतो, मग हवेंत चढतो. सेकंदाच्या सहस्रांश भागांत टिपलेल्या चित्रांत त्याचें पीस न् पीस दिसतें, आणि पक्षी ओळखावयाचा तर तसेंच चित्र हवें. पण तें चित्र पक्ष्याचें, पळण्याचें नव्हे. या चित्रांत पाण्यावरील शिंतोड्यांच्या पांढऱ्या रेघा पाणकणसापासून निघून धुक्यांत शिरतात, आणि सगळा थवा कोठून कोठें गेला तें डोळ्यांस कळतें.

१८८९ मध्यें पीटर हेन्री इमर्सन यानें असें प्रतिपादिलें होतें कीं, मनुष्याच्या दृष्टीस सर्वच दृश्य सारखें रेखीव दिसत नाहीं. म्हणून मुख्य विषय तेवढा ठसठशीत ठेवून बाकीचें किंचित् मृदु करावें. पुढच्याच वर्षीं त्यानें आपलें मत मागें घेतलें, ही गोष्ट निराळी. आमच्या विद्यार्थ्याच्या चित्रांत हा क्रम बरोबर उलटा झाला आहे.

त्यांतून हें स्थळही असें, कीं जें एका दृष्टीनें उणें तेंच दुसरीनें भूषण ठरावें. १९०७ ते १९१३ या काळांत गोदावरीवर बंधारा झाला तो शेतीच्या पाण्यासाठीं. पुढें त्यांत गाळ सांचत गेला. सिंचनाच्या हिशेबांत हा निव्वळ तोटा. पण त्या गाळानेंच उथळ पाणी, बेटें आणि पाणवनस्पति निर्माण केल्या, व त्यांच्या आश्रयानें पक्षी आले. १९८६ मध्यें येथें अभयारण्य झालें, आणि २०२० मध्यें रामसर यादींत स्थान मिळालेली ही महाराष्ट्रांतील पहिली पाणथळ जागा ठरली.

क्षितिजाचा कल मात्र दोषच; त्याची वकिली आम्ही करणार नाहीं. तें सरळ करून चित्र पुन्हां निवडीस ठेवावें, असें आतां स्नेह्यांचें म्हणणें आहे. परंतु तसें करतांना डावा कोपरा कापावा लागतो, आणि त्या पांढऱ्या रेघांचा उगम त्याच कोपऱ्यांत आहे. तेव्हां क्षितिज आहे तसेंच राहूं द्यावें, असें आम्हीं त्यास कळविलें आहे.