दैत्यसंहारिणी नायिका

दैत्यसंहारिणी नायिका : असुर, राक्षस, पिशाच इ. अतिमानवी शक्तींशी स्वतः शस्त्र घेऊन लढणारी स्त्री-व्यक्तिरेखा. पुराणकथा, मूर्तिकला, लोककथा व आधुनिक अद्‌भुतकथा या सर्वांत ती आढळते. विसाव्या शतकाच्या अखेरीस महानगर किंवा लहान शहर ही पार्श्वभूमी असलेल्या ‘नागरी अद्‌भुतिके’त तिला मध्यवर्ती स्थान मिळाले. या व्यक्तिरेखेचे मूल्यमापन करताना तिच्या पराक्रमापेक्षा तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात : तिला सामर्थ्य कोणाकडून मिळते, लढण्याचा निर्णय कोण घेते आणि ज्याला दैत्य म्हटले जाते तो वस्तुतः कोण असतो.

भारतीय परंपरेत या नायिकेचा आद्य व प्रभावी आविष्कार मार्कंडेयपुराणातील देवीमाहात्म्यात (अध्याय ८१ ते ९३) आहे. महिषासुराकडून पराभूत झालेल्या देवांच्या तेजातून देवी प्रकट होते. शिव त्रिशूळ, विष्णू चक्र आणि हिमालय सिंह देतो. म्हणजे तिचे सामर्थ्य प्रथमदर्शनी पुरुषदेवतांनी दिलेले आहे. मात्र ग्रंथाच्या उत्तरार्धात या कल्पनेला छेद जातो. शुंभ तिला, तू इतरांच्या बळावर लढतेस, असे हिणवतो. तेव्हा ती साहाय्यक मातृकांना आपल्यात सामावून घेते व आपण एकटीच आहोत, असे सांगते. शस्त्रे दिलेली असली, तरी शक्ती मूळची तिचीच होती, हा या प्रसंगाचा अर्थ. वेरूळच्या कैलास लेण्यातील महिषासुरमर्दिनीचे शिल्प आणि तुळजापूरच्या भवानीची अष्टभुजा मूर्ती हे या कल्पनेचे महाराष्ट्रातील प्रख्यात मूर्त आविष्कार होत.

महाराष्ट्रातील आख्यायिकांत मात्र या नात्याची अनेकदा उलटापालट झालेली दिसते. भवानीने शिवाजी महाराजांना तलवार दिली, या आख्यायिकेत देवी शस्त्र देणारी आणि वीर पुरुष ते चालविणारा आहे. देवीमाहात्म्यात देव देतात व देवी लढते. येथे देवी देते व राजा लढतो. देवीचा गौरव कायम राहतो, परंतु कथेतील कृती तिच्या हातून निघून जाते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची कथा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेल्या, सु. १·८ किमी. व्यासाच्या विवरातील खाऱ्या पाण्याचे सरोवर म्हणून हे स्थान जगप्रसिद्ध आहे. लोककथेनुसार येथे भूमिगत विवरात लोणासुर किंवा लवणासुर राहत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन त्याच्या दोन बहिणींना मोहित केले, त्यांच्याकडून त्याच्या वसतिस्थानाचा ठाव मिळविला, विवरावरील झाकण पायाच्या अंगठ्याने दूर फेकले आणि निद्रिस्त दैत्याचा वध केला. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त व त्यातील क्षार हे त्याचे मांस, असे मानले जाते. फेकलेले झाकण म्हणून नैर्ऋत्येकडील एक टेकडी दाखविली जाते. गावातील ताराकृती तलविन्यासाचे, शिल्पसमृद्ध दैत्यसूदन मंदिर या विष्णुरूपाचे आहे. विवराच्या तळाशी, सरोवराकाठी कमळजा देवीचे मंदिर आहे.

भूरूपाचे स्पष्टीकरण म्हणून ही कथा अत्यंत समर्थ आहे. विवराचा गोल आकार, पाण्याचा खारटपणा आणि दूरची टेकडी या तिन्ही गोष्टी ती एकाच घटनेत गुंफते. नायिकेच्या दृष्टीने पाहता मात्र तिच्यातील उणीव जाणवते. दैत्याचे रहस्य ज्यांना ठाऊक आहे, त्या बहिणी कथेच्या कळीच्या व्यक्ती होत; त्यांच्यावाचून वध संभवत नाही. तरीही त्या नावाने ओळखल्या जात नाहीत, भाऊ व प्रियकर यांच्यातील निवड त्या जाणीवपूर्वक करीत नाहीत आणि वधानंतर त्यांचे काय झाले, हे कथा सांगत नाही. कमळजा देवीलाही या वधकथेत वाटा नाही. देवीची पूजा विवराच्या तळाशी होते, पण जयाचे श्रेय काठावरच्या देवाचे आहे.

‘दैत्य कोण’ हा प्रश्नही महाराष्ट्रात वेगळ्या प्रकारे उपस्थित होतो. दा. ध. कोसंबी यांनी मिथ अँड रिअ‍ॅलिटी (१९६२) या ग्रंथात ग्रामदैवतांचा विचार करताना म्हसोबा व महिषासुर यांतील संबंधाकडे लक्ष वेधले. देवी ज्याला पायाखाली तुडविते तोच अन्यत्र शेंदूर लावलेला, पूजला जाणारा देव आहे. काही ठिकाणी तो देवीचा पतीही आहे. एका समाजाचा देव दुसऱ्याचा दैत्य ठरतो, याचे भान दैत्यवधाच्या कोणत्याही कथेच्या वाचकाने ठेवणे आवश्यक आहे.

आधुनिक मराठी भयकथेत नारायण धारप (१९२५–२००८) यांनी अमानवी शक्तींना मध्यमवर्गीय घरांत व शहरी परिसरात आणले. तथापि त्यांच्या समर्थकथांत निवारणकर्ता पुरुषच आहे. पाश्चात्त्य नागरी अद्‌भुतिकेत स्त्री लढवय्यी ठळकपणे पुढे आली. बफी द व्हँपायर स्लेअर (१९९७–२००३) ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका तिचे गाजलेले उदाहरण होय. तिची रचना लोणारकथेची आठवण करून देते : येथेही गावाखाली दैत्यलोकाचे मुख आहे आणि अखेरीस संपूर्ण गाव खचून तेथे प्रचंड विवर उरते. फरक कर्तृत्वाचा आहे. विवराचे रहस्य जाणणारी तरुणीच येथे लढ्याचे नेतृत्व करते. पहिल्या संहारिणीला शक्ती पुरुषांनी बळाने दिली होती, हे कळल्यावर नायिका ती अधिक शक्ती नाकारते आणि शेवटी आपले सामर्थ्य जगभरातील संभाव्य संहारिणींमध्ये वाटून टाकते. देवी अनेकींना स्वतःत सामावून घेते; ही नायिका एकीची शक्ती अनेकींची करते. लोकः : चॅप्टर वन – चंद्रा (२०२५) या मलयाळम् चित्रपटाने केरळच्या दंतकथेतील भयावह यक्षी नीली हिला आधुनिक बंगळूरमध्ये रक्षणकर्ती म्हणून उभे केले. जिला पूर्वी दैत्य समजून बंदिस्त केले जाई, तीच येथे संहारिणी होते.

या व्यक्तिरेखेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. केवळ वीर पुरुषाच्या जागी स्त्री ठेवल्याने कथा नवी होत नाही. संहाराचा आवेश तोच राहिला, तर दैत्याविषयीचा पूर्वग्रहही तसाच राहतो. नायिकेचे एकाकीपण व अखंड युद्ध यांचे उदात्तीकरण हाही या प्रकारातील वारंवार दिसणारा दोष आहे. याउलट सामर्थ्याचा उगम, त्याची किंमत व त्याचा वाटा यांविषयी प्रश्न विचारणाऱ्या कलाकृती मनोरंजनाच्या कक्षेपलीकडे जातात. मराठी लेखकाला त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. लोणारच्या त्या दोन अनाम बहिणींच्या मुखाने हीच कथा पुन्हा सांगितली, तर भाऊ, प्रियकर व भूमी यांविषयीचा त्यांचा निर्णय हाच तिचा केंद्रबिंदू होईल. वध कोणी केला यापेक्षा रहस्य सांगणाऱ्यांनी काय गमावले, हे त्या कथेत प्रथमच नोंदले जाईल.