नकारापलीकडील भाषा: छद्म-डायोनिशियसचे पुनर्वाचन

इसवी सन ५०० च्या सुमारास ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'गूढ ईश्वरविद्या' या अवघ्या पाच प्रकरणांच्या ग्रंथाला विरचनावादाचा पूर्वसूरी ठरवण्याचा मोह समीक्षेला वारंवार होतो. ईश्वराविषयीचे प्रत्येक विधान नाकारणारी ही संहिता अर्थाच्या अनिश्चिततेची ग्वाही देते, असे या वाचनाचे गृहीतक आहे. मात्र ते संहितेच्या रचनेशी जुळत नाही.

ग्रंथकर्ता स्वतःला सेंट पॉलचा अथेन्समधील शिष्य डायोनिशियस म्हणवतो. त्याच्या लेखनात पाचव्या शतकातील तत्त्वज्ञ प्रोक्लसचा आधार घेतलेला आहे, हे १८९५ मध्ये कोख आणि श्टिग्लमायर यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. तोपर्यंत एरियुजेनाच्या नवव्या शतकातील लॅटिन भाषांतरापासून अक्विनासपर्यंत आणि पुढे चौदाव्या शतकातील 'द क्लाउड ऑफ अननोइंग' या इंग्रजी ग्रंथापर्यंत त्याचा प्रभाव पसरला होता. या प्रसाराला प्रेषितकालीन नावाचा मोठा आधार होता. ते नाव गळून पडल्यावरही विचार टिकून राहिला, याचे कारण त्यातील भाषाविचारात शोधावे लागते.

'स्वर्गीय श्रेणी' या ग्रंथात तो विसदृश प्रतीकांचा पुरस्कार करतो. दिव्यत्वासाठी सुवर्ण वा प्रकाश यांपेक्षा किड्यासारखी क्षुद्र प्रतिमा अधिक उचित होय; कारण उदात्त प्रतिमा सत्याची जागा बळकावते, तर क्षुद्र प्रतिमा वाचकाला स्वतःपाशी थांबू देत नाही. येथे प्रतिमेचे मूल्य तिच्या साम्यात नसून अपुरेपणात आहे. तरीही प्रतिमा त्याज्य ठरत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे.

'गूढ ईश्वरविद्ये'च्या शेवटी नकारही अपुरा ठरतो: ईश्वर होकाराच्या आणि नकाराच्याही पलीकडे आहे. शिवाय ग्रंथाचा आरंभ त्रैक्याला उद्देशून केलेल्या प्रार्थनेने होतो. म्हणजे भाषा येथे विधानाकडून संबोधनाकडे वळते.

देरिदाने १९८६ च्या जेरुसलेम येथील व्याख्यानात नेमका हाच मुद्दा हेरला. प्रार्थना संबोधन असते, परंतु स्तुती विधानाचा अंश राखतेच, असा त्याचा आक्षेप आहे. तर मारियाँच्या मते स्तुती विधानाच्या कक्षेबाहेर जाते. खरा वाद या ठिकाणी आहे. नकाराच्या बाह्य साम्यावर समाधान मानणारी समीक्षा त्यापर्यंत पोहोचतच नाही. विधान न करता भाषा कोणाला उद्देशून बोलू शकते काय, हा डायोनिशियसने मागे ठेवलेला प्रश्न ईश्वरविद्येइतकाच काव्यशास्त्राचाही आहे.